ईशान्येचं दार

माझा भागीदार आणि मी छावणीत एकाच गल्लीत वाढलो. दोन्ही घरं धम्म घेतलेली. रविवारी विहारात मांडी घालून आम्ही बावीस प्रतिज्ञा म्हणायचो आणि हा नेहमी अर्धा शब्द पुढं पळायचा, म्हणून मागून टपली खायचा. त्याच्या घरची भाकरी आणि आमच्या घरचं कालवण असं जेवून आम्ही मोठे झालो. पुढं दोघंही आर्किटेक्ट झालो, मिळून ऑफिस टाकलं. वाटणी पहिल्यापासून ठरलेली: कागद माझा, साईट त्याची. मला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही, मी तोंडावर बोलून मोकळी होते. त्याच्या जिभेवर कायम खडीसाखर. हे आधीच सांगून टाकते, कारण परक्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या हासडून मी विसरून गेले असते.

वास्तूचं नाव निघालं की आमच्या ऑफिसात करमणूक व्हायची. एका गिऱ्हाइकानं वास्तूपायी संडास पाडून तिथं देवघर केलं होतं, मग नव्या संडासाला कुठलीच दिशा चालेना. पाहुण्यानं विचारलं की तो बिचारा शेजारच्या घराकडं बोट दाखवायचा. भागीदार त्याची नक्कल करायचा आणि मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. दिशा बघायच्या त्या उन्हाच्या आणि वाऱ्याच्या, दुसऱ्या कुणाच्या नाही, हा आमचा नियम. तो सुद्धा त्यानंच बोलून दाखवलेला, पहिल्याच कामाच्या वेळी, आणि मला तेव्हा त्याचा लई अभिमान वाटला होता.

मग वाचनालयाचं काम आलं. शहरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाला नवी इमारत बांधायची होती. जुन्या जागेत विजेच्या बिलानं समितीचं कंबरडं मोडलं होतं, म्हणून त्यांची एकच मागणी: वीज कमीत कमी लागली पाहिजे. मला तर आवळा मागितला आणि कोहळा मिळाला असं झालं. असं काम करायला मिळावं म्हणून मी किती वर्षं दुसऱ्यांचे बंगले काढत बसले होते.

जागा मिळाली ती एका वस्तीला लागून. वस्ती आमच्याच लोकांची, घरं बहुतेक पत्र्याची. जागेच्या पूर्वेच्या कडेला मोठा लिंब, आणि त्याच्या पलीकडून वस्ती सुरू. कागदावर ती जागा मोकळी होती, पण मोकळी जागा ही कागदावरच असते. उन्हाळ्यात बाया तिथं कुरडया आणि पापड वाळत घालायच्या, जयंतीचा मांडव तिथंच पडायचा, आणि दुपारी वस्तीतल्या पोरी लिंबाखाली चटई टाकून अभ्यास करायच्या. पत्र्याखाली मे महिन्याच्या दुपारी जो बसलाय त्यालाच कळेल त्या का बाहेर बसायच्या. घरात पुस्तक हातात धरवत नाही, कागद सुद्धा गरम लागतो.

जागा सोडायची म्हणून वस्तीतली कुरकूर सुरू झाली, तेव्हा समितीनं मला पुढं केलं. आपली बाई बोलली तर ऐकतील, हा हिशोब त्यांचा, आणि तो बरोबर होता. विहारात बाया जमल्या. मी विचारलं, वाचनालयात तुम्हाला काय हवं? कुणी काय, कुणी काय सांगत होतं. एक आक्का मागं बसल्या होत्या, माहेर पिशोरचं, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. त्यांची थोरली पोरगी पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेचा अभ्यास करत होती. आक्का म्हणाल्या, "आमाला दुपार द्या ताई. सकाळ हाय, रात हाय, दुपारच नाय पोरीला. लाईट गेली का डोस्कं चालत नाय तिचं."

मी म्हणाले, "लाईट गेली तरी दुपारी थंड राहील, आक्का. दुपार तुमच्या पोरींची. हा माझा शब्द."

शब्द दिला तो हवेत नाही दिला. आपल्याकडं उन्हाळ्यात वैरी एकच, पश्चिम. दुपार कलली की ऊन आडवं येतं, छज्ज्याला जुमानत नाही, सरळ घरात शिरतं, आणि वाराही तिकडूनच भट्टीवरून आल्यासारखा येतो. म्हणून मी इमारतीची पाठ पश्चिमेला केली. त्या बाजूला काळ्या दगडाची जाड भिंत, एकही खिडकी नाही, आणि भिंतीला लागून जिना, सामानाची खोली, संडास. तापायचं ते यांनी तापावं. वाचायची खोली पूर्वेला, पुढं व्हरांडा, व्हरांड्यापुढं लिंब आणि लिंबापलीकडं वस्ती. सकाळचं कोवळं ऊन लिंब अडवणार, दुपारनंतर इमारतच आपल्या सावलीत बसणार. उजेड उत्तरेकडून, दिवसा दिवा लागायला नको. छताला उंच झरोके, तापलेली हवा वरून निघून जाईल. रस्ता उत्तरेला होता, तर दार घेतलं वायव्येच्या कोपऱ्यात, जिन्यापाशी, म्हणजे आत येणारी झळ तिथंच अडेल. मी तो नकाशा भागीदाराला दाखवला तेव्हा त्यानं तो रेघ न् रेघ बघितला. मग म्हणाला, "हे तुझं सगळ्यात चांगलं काम आहे." खोटं बोलत नव्हता. तेच तर दुखतं.

पाया खणायला घेतला त्याच आठवड्यात माझी आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आई कितीतरी महिने अंथरुणावर. घरात दुसरं कुणी नाही, मी ऑफिसला जाणं बंद केलं. साईट तशीही त्याचीच होती. तो दर रविवारी घरी यायचा, आईला आवडतं म्हणून शहरातून नान आणि मटणाचा खलिया घेऊन यायचा, तिच्या उशाशी बसून गल्लीतल्या जुन्या गमती सांगायचा. आई त्याला म्हणायची, "तू व्हतास म्हणून निभावलं रे." मोबाईलवर तो मला कामाचे फोटो दाखवायचा. दगडाचा सांधा, खिडकीची चौकट, गवंड्याचा हात. सगळे जवळून काढलेले. मी विचारायचे, "माझ्या नकाशाप्रमाणं चाललंय ना?"

"एक रेघ इकडची तिकडं नाही," तो म्हणायचा, आणि आईच्या ताटात अजून एक नान वाढायचा.

आई वॉकर धरून चालायला लागली, तेव्हा एका दुपारी औषधं आणायला म्हणून निघाले आणि वाट वाकडी करून साईटवर गेले. भिंती छतापर्यंत आलेल्या. रस्त्यावर उभी राहिले आणि मला क्षणभर वाटलं, जागरणानं माझंच डोकं फिरलं. लिंबाखाली, गारव्याला, माझी जाड दगडी भिंत उभी. आणि पश्चिमेला, आग ओकणाऱ्या उन्हात, व्हरांडा आणि खिडक्यांची रांग. उघड्या चौकटींतून ऊन आत पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलेलं. वाचायची खोली ती. वस्तीकडं इमारतीची पाठ, आणि त्या पाठीला संडासाचे पाईप.

दगडाचं काम करणारे चाचा सावलीला बसले होते. मी त्यांना काय विचारलं आठवत नाही. ते म्हणाले, "हमकू जो कागद मिल्या मॅडम, वोइच बांधे." कागद दाखवला. माझाच नकाशा, माझ्याच हातची अक्षरं, आणि अक्षरं सोडून बाकी सगळं आरशात दिसावं तसं डाव्याचं उजवं झालेलं. कॉम्प्युटरवर एक कळ दाबायचं काम. उत्तरेचा बाण तेवढा जागच्या जागी होता, कारण सूर्य काही समितीचा सभासद नाही.

मी फोन केला. तो आला, स्कूटर लावली आणि लांबूनच माझ्या चेहऱ्याकडं बघून त्याला कळलं.

"पालटलाय फक्त," तो म्हणाला. "तुझी एक रेघ मी हलवली नाही."

"का?"

"अध्यक्षांचे वास्तुवाले गुरुजी आले होते. दार वायव्येला असलं तर विद्या घरात टिकत नाही म्हणे. ईशान्येलाच पाहिजे. अध्यक्ष अडून बसले, नाहीतर दुसऱ्या आर्किटेक्टला देतो म्हणाले. मग म्हटलं, अख्खा नकाशाच फिरवू, म्हणजे तुझं काम तुटणार नाही."

"आणि खिडक्या?"

"काचा चांगल्या टाकू."

जाड भिंत पूर्वेला येते हे त्या शास्त्रातही बसत नाही असं मला पुढं कुणीतरी सांगितलं. पण गुरुजींना दार हवं होतं, ते मिळालं, बाकी सगळं चालतंय. मी त्याला विचारलं, "तू मानतोस हे?"

"मी कुठं मानतो? ते मानतात."

मानत असता तर मी समजून घेतलं असतं, खरंच सांगते. माणूस घाबरतो, दगडाला शेंदूर लावतो. पण न मानता, सगळं कळत असताना, मी ज्या एका गोष्टीवर इमारत उभी केली तीच याच्या हातानं फिरली. मी म्हणाले, "मला विचारलं का नाहीस? दर रविवारी तर येत होतास."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला, अगदी शांतपणे, जणू यात आणखी बोलण्यासारखं काय आहे.

मला त्या क्षणी आमच्या घरात बसून त्यानं खाल्लेला प्रत्येक घास आठवला. मी एवढंच विचारलं की वस्तीला आता कोणत्या तोंडानं सांगायचं. तो म्हणाला, "ते मी बघितलंय. गेलो होतो मी तिकडं. कुणी हूं की चूं केलं नाही." खडीसाखर कामाला आली असेल, असं मी धरून चालले.

भिंती पाडायला समिती तयार होणार नव्हती, ते मलाही कळत होतं. पण हातपाय गाळून बसणं माझ्या रक्तात नाही. व्हरांड्याबाहेर बांबूचे तट्टे बांधू, वाळ्याचे पडदे लावू, पश्चिमेला झाडं लावू, खिडक्या निम्म्या तरी बुजवू, असं सगळं काढून मी बैठकीला घेऊन गेले. अध्यक्ष म्हणाले, तट्टे बांधले तर वाचनालय रसवंतीसारखं दिसेल. मी भागीदाराकडं बघितलं. त्याला माहीत होतं मी काय म्हणतेय ते, त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं. तो अध्यक्षांकडं वळून म्हणाला, "मॅडमच्या घरी आजारपण आहे, त्या जरा भावनिक झाल्यात." सगळे समजूतदारपणानं माना हलवायला लागले. मला चहा दिला. मी तो तसाच ठेवून बाहेर आले.

उद्घाटन थंडीत झालं. थंडीत काय, पश्चिमेचं ऊनही गोड लागतं. अध्यक्षांनी भाषणात वीज वाचवणारी इमारत म्हणून पाठ थोपटून घेतली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ईशान्येच्या दारात कलश मांडला होता, गुरुजी काहीतरी म्हणत होते आणि भागीदार हात जोडून शेजारी उभा होता. त्याची आई बायांमध्ये बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खाली मान घातली. वस्तीतल्या बाया आल्या होत्या, आक्काही होत्या, पण माझ्याशी नेहमीसारखं कुणी बोललं नाही. माझ्या आईची तब्येत तेवढी विचारली आणि सरकल्या. गर्दीत होतं असं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

होळी झाली आणि इमारतीनं आपलं खरं रूप दाखवलं. दुपारी वाचायच्या खोलीत पाय ठेववेना. टेबलाच्या कडेला हात लागला की चटका बसायचा, पंखे लावले तर गरम हवा अंगावर यायची. पडदे ओढले तर उत्तरेचा एकटा उजेड पुरेना, म्हणून दिवसा दिवे लागले. अध्यक्षांच्या खोलीत एसी आला, मग बैठकीच्या खोलीत. विजेचं बिल जुन्या जागेच्या वर गेलं. आणि एक दिवस दारावर पाटी लागली: उन्हाळ्यात वाचन कक्ष दुपारी बंद राहील, वाचकांच्या सोयीसाठी. ती पाटी वाचून मी रस्त्यात उभी राहून हसले, येणारेजाणारे बघायला लागले तरी हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून माझं सामान उचललं. तो म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी मोडतेस?" मी सामान घेऊन दाराबाहेर पडले. बोलले असते तर हात उगारला असता. घरी आईला सगळं सांगावं लागलं, कारण रविवारी ती त्याची वाट बघायला लागली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुंपणच शेत खायला लागल्यावर काय करावं माणसानं." मग बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिच्यासाठीही तो मुलगाच होता की.

वस्तीत जायचं मी टाळत होते. पण शब्द माझा होता, त्याचा नव्हता, आणि तो का मोडला हे माझ्या तोंडून त्यांना कळायला हवं होतं. एवढं केल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. एका दुपारी गेले. आक्का घरी होत्या. पत्र्यावर ओली पोती टाकलेली, ती कधीच वाळून गेली होती. लिंबाखाली आता कुंपणाची भिंत आलेली, तिथं बसायची सोय राहिली नव्हती. आक्कांनी चटई टाकली, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"पोरगी?" मी विचारलं.

"शोरूमला लागली कपड्याच्या. तिथं थंड असतंय." पदरानं वारा घेत त्या म्हणाल्या. "फारम भरला नाय औंदा. अभ्यासच झाला नाय म्हन्ली."

मी म्हणाले, "आक्का, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"नका सांगू ताई. समदं ठावं हाय आमाला." त्यांचा आवाज मऊ होता, रागाचा लवलेश नाही. "तुमचे भागीदार साहेब आले व्हते ना, पाया भरला तवा. सांगितलं त्यांनी. तुमची आई पडली, तुमी घाबरल्या, कुन्या गुरुजींना इचारलं, अन् मग तुमीच नकाशा पालटून घेतला म्हणून. बाया लई भडकल्या व्हत्या. आपल्यातली शिकली सवरली बाई, अन् वास्तू मानती व्हय? मोर्चा नेऊ म्हनत व्हत्या समितीवर. मीच गप केलं समद्यास्नी. म्हन्लं, आई मरणाच्या दारात हाय तिची. लेकीचं मन असतंय. आपुन बोलायचं नाय."

तर म्हणून कुणी हूं की चूं केलं नव्हतं. या बायांनी ते काम तिथंच अडवलं असतं. पाया नुकता भरला होता, भिंती उठल्याही नव्हत्या, आणि बाया पेटून उठल्या असत्या तर समितीला त्यांच्यापुढं माघार घ्यावीच लागली असती. त्यानं माझ्या आईचं मोडलेलं हाड त्यांच्यापुढं ठेवलं, आणि माझ्यावरच्या मायेपोटी त्या गप्प बसल्या. तेच हाड बघायला तो नान-खलिया घेऊन येत होता.

मी आक्कांचा हात धरला. सगळं सांगितलं. मी कुठल्या गुरुजीकडं गेले नाही, मी नकाशा पालटला नाही, मला महिनोन्महिने पत्ताच नव्हता, त्यानं तुम्हालाही फसवलं आणि मलाही. माझा आवाज चढला, रडू आलं, तरी मी बोलत राहिले. आक्का ऐकत होत्या. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. माझं बोलून संपल्यावर त्यांनी तांब्या माझ्याकडं सरकवला.

"असंल ताई," त्या म्हणाल्या. "दुपारचं थंड राहील असं तुमी म्हन्ल्या व्हत्या, तवाबी आमाला खरंच वाटलं व्हतं."